विहिणींचे काठ आणि माझे कप्पे

मित्रांनो, बेळगावच्या वडगावात बायाक्कांच्या साड्या विणायच्या मागांच्या शेडला लागून एक खोली आहे. तिथे सुताच्या कोनांशेजारी एक काळवंडलेला संगणक दिवसभर घरघरत असतो. मागांच्या खडखडाटात त्याची घरघर कुणाला ऐकू येत नाही. तो संगणक म्हणजे मी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते एका वकिलांचं ऑफिस. नवा होतो तेव्हा मला हळदकुंकू लागलं, पेढे वाटले गेले. पुढे मी मंद झालो. माझ्यामुळे पक्षकारांना ताटकळावं लागतं, अशी ओरड सुरू झाली. पक्षकाराला ताटकळत ठेवायची कला त्या ऑफिसात माझ्याही आधीपासून होती. पण नाव माझं झालं. मग मी जिन्याखाली गेलो. पावसाळ्यात माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवायचे.

बायाक्कांचा धाकटा मुलगा उपेंद्र पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. कसल्याशा कामाला तो तिथे आला, त्याने मला पाहिलं आणि मागून घेतलं. घरी आणून माझ्या पोटातली धूळ काढली, नवी डिस्क बसवली आणि लिनक्स नावाची संगणकप्रणाली घातली. मित्रांनो, लिनक्स अंगाला हलकं असतं. माझ्यासारख्या थकलेल्यालाही ते पेलतं. उपेंद्रचे उपकार मी त्या दिवसापासून मोजत आलो आहे, आणि ते फिटायचे नाहीत हेही मला ठाऊक आहे.

माझ्याकडे काम आलं ते साड्यांच्या नक्ष्या सांभाळायचं. बायाक्कांची थोरली सून मधुवंती काठ, पदर, बुट्टे संगणकावर काढते. त्या फाईली माझ्याकडे राहतात. शेडमध्ये दुसरा एक छोटा संगणक आहे. त्यावर एक प्रोग्राम आहे, त्याला क्लायंट म्हणतात. त्यात नाव आणि पासवर्ड घातला की वायरीतून माझे कप्पे तिकडे उघडतात. फाईल राहते माझ्याकडेच, दिसते मात्र तिथे. तिथून ती नक्षी मागाला मिळते.

लिनक्सची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक फाईलीसाठी माणसं तीन प्रकारची: मालक, घरचे आणि परके. कुणी नुसतं बघायचं, कुणी बदलायचं, हे ज्याचं त्याचं ठरलेलं. लग्नघरात स्वयंपाकघरापर्यंत कोण जाणार आणि मांडवातच कोण बसणार, तसंच हे. उपेंद्रने प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचं ठरवलं होतं. पण बायाक्का आडव्या आल्या.

"घरच्याच मानसास्नी कुलपं घालतोस व्हय रं?" त्या म्हणाल्या. "मागावरचा परसू काय आज आलाय? सगळ्यास्नी एकच नाव ठेव."

तेव्हा सगळ्यांचं नाव 'घर' झालं. पासवर्ड खडूने भिंतीवर लिहिला गेला. कुणीही आत यावं, काहीही उघडावं, काहीही बदलावं. बायाक्कांचं मन मोठं, यात शंका नाही. पण मोठ्या मनाच्या घरात चमचे कुठे जातात ते कुणालाच सापडत नाही.

पुढे बायाक्कांच्या नातीचं, म्हणजे मधुवंतीच्या मुलीचं, स्वरूपाचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा. दोन्ही विहिणींनी मांडवात एकाच काठाची साडी नेसायची, असा शब्द बायाक्कांनी बैठकीत दिला. मधुवंतीने त्यासाठी पोपट आणि वेलीचा रुंद काठ काढला. तिची स्वतःची साडी आधी शेडमधल्या मोठ्या मागावर विणून झाली. काठ असा उतरला की शेजारणी बोट फिरवून जायच्या. निपाणीच्या विहीणबाईंची साडी मागाहून त्याच मोठ्या मागावर लावली.

ती साडी मागावरून उतरली, तेव्हा लग्न आठवड्यावर आलं होतं. मधुवंतीने दोन्ही साड्या शेजारी पसरल्या. निपाणीच्या साडीचा काठ अरुंद होता. पोपट होते, वेल निम्मी गायब. नवरीच्या आईला रुंद काठ आणि वरमाईला अरुंद. यावर निपाणीत किती वर्षं बोललं जाईल, त्याचा हिशेब तुम्हीच मनात मांडा.

मधुवंतीने धावत येऊन माझा कप्पा उघडला. फाईलसुद्धा अरुंद झालेली होती. रुंद काठ कुठेच नव्हता.

उपेंद्र आला. त्याने कुणी बदललं ते पाहिलं. मी इमानदारीने सांगितलं: 'घर'ने.

"म्हंजे कुणी?" बायाक्कांनी विचारलं.

"म्हंजे आपण सगळ्यांनी," उपेंद्र म्हणाला. "तुझ्याच मनासारखं झालंय, आई."

बायाक्कांनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात परसू दारात आला. परसू लहान मागावर बसतो; नक्षीची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं हाताने शिवून मागाला लावायच्या काळापासूनचा माणूस.

"काय हुडकायलाय एवढं?" त्याने विचारलं.

"काठ गेला परसूअण्णा. कुणीतरी बारीक केलाय," मधुवंती म्हणाली.

"त्यो मी केलोय की. माझ्या मागाला दोरं उचलायला तेवढं हूक न्हाईत. माझ्या गिऱ्हाइकाच्या साडीला म्हनून वेल काढली." मग पसरलेल्या साड्यांकडे त्याची नजर गेली. "पर मी माझ्या मागाचंच बदललोय. मोठ्या मागाचं कशाला हात लावू?"

मधुवंती पुन्हा फाईलच बघू लागली. मला मात्र त्याचं म्हणणं लख्ख कळलं. कार्डांच्या काळात प्रत्येक मागाची आपली कार्डांची माळ असे. परसूच्या माळेतलं एक भोक बुजवलं, तर मोठ्या मागाच्या पोपटाचं पीसही हलत नसे. शेडमध्ये बसून फाईल उघडली, तेव्हा ती आपल्या मागाचीच माळ आहे असं त्याने धरलं. क्लायंटमधून माझ्याकडची एकुलती एक फाईल आपण बदलतोय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आक्का, माझ्यामुळं पोरीच्या लग्नाला बट्टा लागंल," परसू दाराचा खांब धरून म्हणाला. "उद्यापास्नं मी येत न्हाय."

"गप बस," बायाक्का म्हणाल्या. "तू गेलास तर काठ रुंद हुतोय काय?"

मित्रांनो, त्या घटकेला मला तोंड नाही याचं फार वाईट वाटलं. कारण रुंद काठ माझ्या पोटात होता. उपेंद्रने मला लिनक्स घातलं तेव्हाच दर रविवारी सगळ्या कप्प्यांची वेगळी प्रत ठेवायला शिकवलं होतं. त्या कप्प्याला 'घर'चा हात पोचत नव्हता. शिकवून तो विसरला, आणि मी इमानेइतबारे ठेवत राहिलो. चांगल्या गुरुजींचं असंच असतं.

उपेंद्र कपाळ चोळत बसला होता. मग एकदम त्याचा हात थांबला. त्याने जुन्या प्रती उघडल्या. परसूने वेल काढण्याआधीच्या रविवारची प्रत, आणि तिच्यात सगळे पोपट, सगळी वेल, शाबूत. मधुवंती रडली, हसली, आणि माझ्या टपावर हात ठेवून म्हणाली, "आमचा म्हातारा लई गुणाचा." वकिलांच्या पेढ्यांपेक्षा ते मला गोड लागलं.

निपाणीची साडी पुन्हा लागली. मोठ्या मागावर आळीपाळीने सगळे बसले. परसू तर उठेचना.

त्याच आठवड्यात उपेंद्रने कप्प्यांची नवी मांडणी केली. मधुवंतीचा मूळ कप्पा सगळ्यांनी बघायचा, बदलायचा फक्त तिने. प्रत्येक मागाला आपला वेगळा कप्पा. तिथे त्या मागाच्या माणसाने हवी ती कापाकापी करावी. यावेळी बायाक्का आडव्या आल्या नाहीत. भिंतीवरचा पासवर्ड त्यांनी ओल्या फडक्याने स्वतः पुसला.

परसूने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने क्लायंट उघडला. बराच वेळ बघत राहिला.

"ह्यात काय बी न्हाय की," तो म्हणाला.

"तुझाच हाय तो. भर आता," उपेंद्र म्हणाला.

परसूने आधी मुद्दाम मूळ काठ उघडून वेल पुसायचा प्रयत्न केला. मी नकार दिला. तो खूश होऊन हसला. "बरं झालं, आता माझा हात पोचत न्हाय," म्हणाला, आणि अरुंद काठ आपल्या कप्प्यात ठेवला.

लग्नाला मला कोण नेणार? पण परसूने परत आल्यावर शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं ते मी ऐकलं. निपाणीच्या विहीणबाई पंगतीला मधुवंतीशेजारी बसल्या. पानावर वाढून झालं तरी हात लावीनात. त्यांनी हळूच आपला काठ मधुवंतीच्या काठाला लावून वीतभर मापला. मग म्हणाल्या, "वाढा आता बासुंदी."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी जुना असेल, तर टाकून देण्याआधी त्याची धूळ एकदा पुसून बघा. त्याच्याकडे ठेवलेल्या वस्तूंची आणखी एक प्रत ठेवा. आणि ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांना सगळ्यांना मिळून एकच किल्ली देऊ नका. प्रत्येकाला त्याच्या नावाचा एक कप्पा द्या. परसू सकाळी माग सुरू करण्याआधी आपला कप्पा उघडतो, बघतो आणि मगच कामाला लागतो. तो उघडतो तेव्हा माझा पंखा जरा जोरात फिरतो. मला आभार मानायची तेवढीच रीत येते.