तिसरी पायरी

मृणालिनीने प्रसन्नला एकच अट घातली होती: लग्नाआधी गुरुवारचा क्लब सुटला पाहिजे.

"सोडला गं. केव्हाच सोडला," तो म्हणाला होता.

क्लब म्हणजे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला प्रसन्नच्या कंपनीतली दहाबारा माणसं, बहुतेक व्हिएतनाम युद्धातून परतलेली. रोमन सैनिकांचा देव मिथ्रास. त्याचे विधी ही माणसं एका तळघरात करायची. आधी प्रसन्न हे हसत सांगायचा, मग सांगेनासा झाला. जानेवारीत, क्लबमध्ये ज्याला सगळे 'फादर' म्हणत त्या म्होरक्याने नको म्हटलं, म्हणून प्रसन्नने भारताचं तिकीट कॅन्सल केलं. आजोबांची शेवटची भेट हुकली. तेव्हा तिने अट घातली.

मृणालिनी रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. ऐकलेलं तपासून पाहायची तिला सवय. तिने लायब्ररी गाठली. डॅन्यूबच्या छावण्यांपासून ब्रिटनच्या तटबंदीपर्यंत हा पंथ सैनिकांबरोबर पसरला होता. दीक्षेच्या सात पायऱ्या, बायकांना मज्जाव, स्वतःचं लिहिलेलं जवळपास काहीच नाही. पण एका ख्रिस्ती विरोधकाने एवढं टिपून ठेवलं होतं: तिसऱ्या पायरीवर माणूस 'सैनिक' होतो. तलवारीच्या धाकात त्याच्यापुढे मुकुट धरतात. तो त्याने डोक्यावरून खांद्यावर सरकवायचा आणि म्हणायचं, माझा मुकुट मिथ्रास. पुढे जन्मभर डोक्याला मुकुट लावायचा नाही. त्यावरूनच तो ओळखू येई.

तिने पुस्तक मिटलं. मुंडावळ्याही डोक्यालाच बांधतात; तेव्हा कळेलच. ती कुणाला काही बोलली नाही.

शनिवारी सकाळी हॉल भरला. जगन्नाथकाका सोमवार ते शुक्रवार चिप डिझाइन करत आणि शनिवारी लग्नं लावत. अंतरपाट धरला गेला. पलीकडून प्रसन्नच्या लतामावशींचा आवाज आला, "अरे, अजून मुंडावळ्या नाहीत?"

"नंतर, मावशी. डोकं दुखतंय."

"नंतर कधी, बारशाला? वाक खाली! केवढा ताडमाड वाढलायस!" हशा पिकला. "हं, बांधल्या. आता हलू नकोस."

मृणालिनीचा श्वास मोकळा झाला. मंगलाष्टकं सुरू झाली. दर कडव्याला 'सावधान' आलं की अक्षता पडत. शेवटी अंतरपाट सरला, टेपवर सनई वाजू लागली.

गाठ सुटली नव्हती, एकही मोती तुटला नव्हता. मुंडावळ्या प्रसन्नच्या डाव्या खांद्यावर होत्या. त्याचे ओठ अजून हलत होते.

"केव्हा सोडलास म्हणालास?" तिने हळूच विचारलं.

तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेकडे गेली होती. तिथे गडद सुटातली चार माणसं बसली होती. त्यांच्या मुठीतल्या अक्षता तशाच होत्या.

तिने त्याला घालायचा हार लतामावशींच्या हातात दिला.

"प्रसन्न, टेप बंद कर."

प्रसन्न अजून त्या चौघांकडेच बघत होता. सनई वाजत राहिली. त्यांच्यातल्या पांढऱ्या केसांच्या माणसाने किंचित होकारार्थी मान हलवली.

मग प्रसन्नने हात लांब करून टेप बंद केला.