सुटलेली मुलं

वहिनीच्या धाकट्या दिराला सगळे शिक्केवाले म्हणत. या भाषेतला कागद त्या भाषेत करायचा, खाली सही ठोकायची आणि गोल शिक्का मारायचा, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. एवढ्या वर्षांत आपला एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही, हे ते दर दोन दिवसांनी कुणाला तरी ऐकवत. त्यामुळे वहिनीचे व्हिसाचे कागद दुसऱ्या कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता.

वहिनी गणिताची शिकवणी घ्यायची. मागच्या खोलीत एक फळा, दोन बाकं आणि एका वेळी चार मुलं. तीही शाळेने हात टेकलेली. शिक्केवाल्यांचे दादा दोन वर्षांपासून परदेशात नोकरीला होते. त्यांची बायको म्हणून व्हिसा मागितला असता तर चुटकीसरशी मिळाला असता, पण त्या व्हिसावर काम करायला बंदी. तिकडे येऊन मी खिडकीतून रस्ता बघत बसणार नाही, असं तिने नवऱ्याला फोनवर स्पष्ट सांगितलं आणि स्वतःची शिकवणी चालवायचा व्हिसा मागितला. तिथे स्थायिक झालेल्या पाच कुटुंबांनी पत्रंही दिली होती: आमच्या पोरांना आपल्या भाषेत गणित समजावणारं कुणीतरी हवंच आहे. फक्त एक धास्ती होती. अर्ज फेटाळला गेला तर पुढची दोन वर्षं पुन्हा करता येत नव्हता.

अनुभवाचा पुरावा म्हणून तिची सहा वर्षांची वही लावायची होती. एकेका ओळीत मुलाचं नाव, कुणी पाठवलं, कधी आलं, आणि शेवटी तारीख घालून ‘सुटला’ किंवा ‘सुटली’. शिक्केवाल्यांनी एका बैठकीत एक्केचाळीस ओळींचं भाषांतर केलं. ‘शिकवणी सोडली’ असं एक्केचाळीस वेळा लिहिलं. एकदा वाचून दाखवा, असं वहिनी म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला बावीस वर्षांची गोष्ट पुन्हा ऐकवली. ती नुसती हसली.

मुलाखतीला दुभाषा नेण्याची मुभा होती, म्हणून तिथेही शिक्केवालेच गेले. काचेपलीकडे पिकल्या केसांच्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी भाषांतराचे कागद सावकाश चाळले आणि बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. एक्केचाळीसपैकी एकही मूल वर्षभर टिकलेलं नाही, पाच-सहा महिन्यांत सगळी सोडून जातात. मग तिथली पाच गेली की तुम्ही पोट कसं भरणार? शिक्केवाल्यांनी हे वहिनीला शब्दशः सांगितलं.

वहिनीने पिशवीतून मूळ वही काढली आणि बाईंना नाही, दिरालाच विचारलं, “भावोजी, हा शब्द वाचा.”

“सुटला.”

“आणि गणित सुटतं, तेव्हा काय होतं?”

शिक्केवाल्यांनी तो शब्द पुन्हा वाचला. मागच्या खोलीतून पोरं उतरलेल्या चेहऱ्याने बाहेर पडताना त्यांनी किती वेळा पाहिली होती. आता तुझं तुला येतं, उद्यापासून यायचं नाही, असं वहिनीच त्यांना सांगायची. काही पोरं तर आणखी महिनाभर येऊ द्या म्हणून दारात अडून बसायची. स्वतःच्या घरातला हा शब्द त्यांना कळला नव्हता, आणि निघाले होते जगाला भाषा शिकवायला. बोटचेपेपणा करून वेळ मारून नेता आली असती. पण शेजारी वहिनी बसलेली असताना ते जमेना. त्यांनी काचेपलीकडे सरळ सांगितलं की चूक माझी आहे, मुलं सोडून गेली नाहीत; त्यांना आता शिकवणीची गरज उरली नाही.

मग नवी कुठून येतात, असं बाईंनी विचारलं. वहिनीने ‘कुणी पाठवलं’ या रकान्यावर बोट ठेवलं. पहिली चार सोडली तर प्रत्येक नव्या मुलाला आधी सुटलेल्या कुणाच्या तरी घरून धाडलेलं होतं. बाई बोट खाली खाली सरकवत शिक्केवाल्यांकडून एकेक नाव वाचून घेत राहिल्या. मग त्यांनी भाषांतर पुढे सरकवलं आणि इथेच दुरुस्त करा म्हणाल्या.

शिक्केवाले ओळीओळीने खोडत, नवं लिहीत, बाजूला सही करत निघाले. सतराव्या ओळीवर वहिनीने त्यांचा हात धरला.

“हे खोडू नका. वहीत बघा, इथे मी काहीच लिहिलेलं नाही.”

खरंच तिथे जागा कोरी होती. लिहिण्याच्या भरात त्यांनीच ती भरली होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, “वहिनी, चाळीस काय नि एक्केचाळीस काय. कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस?”

“तो खरंच सोडून गेला, भावोजी. मी त्याला अपूर्णांक घाईघाईने शिकवले. तो घाबरला तो घाबरलाच. सांगा त्यांना.”

बावीस वर्षांत पहिल्यांदाच शिक्केवाल्यांना एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला. त्यांनी केला नाही. जसं होतं तसं सांगितलं आणि आता सगळं संपलं म्हणून मान खाली घातली.

तो मुलगा आता कुठे आहे, असं बाईंनी विचारलं. वहिनी म्हणाली, जवळच राहतो, मी अधूनमधून त्याच्या घरी जाते; बोलतो चांगला, पण गणिताचं नाव काढू देत नाही. बाईंनी ती सतरावी ओळ पुन्हा एकदा पाहिली. उरलेल्या ओळींकडे मग त्यांनी बघितलंही नाही. अर्ज ओढून त्यावर मंजुरीचा शिक्का मारला.

शिक्केवाल्यांनी आयुष्यात हजारो शिक्के मारले होते, पण दुसऱ्याचा शिक्का पाहून डोळ्यांत पाणी यायची ही पहिलीच वेळ. मंजूर झालं, एवढंच त्यांनी कसंबसं सांगितलं. आपल्या घरात इतकी वर्षं कोण राहत होतं, ते त्यांना त्या खुर्चीत बसल्यावर कळलं होतं.

वहिनी मात्र पुढचं विचारत होती. निघायला किती दिवसांची मुदत आहे? तीन महिने, असं काचेपलीकडून उत्तर आलं.

तिने बोटांवर आठवडे मोजले.

“तीन महिने,” ती म्हणाली. “मग होतील त्याचे अपूर्णांक.”