मारियामायचा झगा

स्टुलावर मीच चढले होते, कारण आत्याला दिसत नाही आणि बाकीच्या बायका साड्या सावरत उभ्या. आणि मी वरून झगा सोडला तर तो मूर्तीच्या गुडघ्यावरच थांबला. शप्पथ सांगते, गुडघ्यावर! वर ओढून परत सोडला, तरी गुडघेच. गुंफेसमोर सगळे वर बघतायत, आणि खालून आत्या विचारतेय, "बसला का व नीलम?"

थांबा, आधी आत्या कोण ते सांगते. लीलाआत्या, बाबांची मोठी बहीण. आम्ही अमरावतीला, ती अकोल्यात एकटी. लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेचे ड्रेस शिवले. आणि कोणताही ड्रेस असो, खालून चार बोटं कापड आत मुडपून ठेवणार. लेकरू वाढते, म्हणते. तिकडच्या चर्चच्या आवारात मारियामायची, म्हणजे येशूच्या आईची, गुंफा आहे, तिथल्या मूर्तीचा निळा झगासुद्धा तीच शिवते. आठ सप्टेंबरला मारियामायचा वाढदिवस, तेव्हा तो घालायचा. मी जिती आहे तोवर मायच्या अंगावर माह्याच हातचं कापड, हा तिचा नेम. आणि गंमत बघा, मूर्तीच्या झग्यालाही मुडप! ती पण चार बोटं नाही, चांगली वीतभर.

तिच्या शेजारी माणिकबाई राहतात, हार विकतात. त्या हिंदू, पण त्या दिवशी शेवंतीची टोपली घेऊन गुंफेसमोर पहिल्या हजर. दरवर्षी चिडवणार, "लीले, तुही माय काय पाचवीतून सहावीत जाऊन राहिली?" आत्या म्हणायची, तुले काय करायचं, आमचं माय-लेकीचं आहे ते.

तर यंदा काय झालं, उन्हाळ्याच्या वादळात कडुनिंबाची फांदी पडून जुनी मूर्ती भंगली. आणि इकडे आत्याचे दोन्ही मोतीबिंदू पिकले, म्हणून सणाला मी तिच्याकडे आले. नवा झगा शिवायचा म्हणून निळं कापड आणून ठेवलं होतं तिनं, पण सुईत दोरा मी ओवून दिला तरी टाका कुठे पडतोय ते तिला दिसेना. मग जुनाच धुऊन काढला. उन्हानं इतका विटलेला की निळा म्हणायची लाज वाटावी. मी सहज म्हणाले, आत्या, मोबाईलवर मागवू, रेडिमेड मिळतो. संध्याकाळपर्यंत बोलली नाही माझ्याशी.

संध्याकाळी मी झग्याला इस्त्री करत होते तेव्हा आपणहूनच बोलायला लागली.

"माय तापानं गेली तवा मी एवढीशी. तिनं शिवलेला एकच झगा होता मले. तोकडा झाला की आजी खालची मुडप थोडी उसवे. आतून नवंकोरं कापड निघे. मले वाटे, माय रात्री येऊन ठेवून गेली."

"मग?"

"मग एक वर्षी उसवायले काहीच राहिलं नाही. मी लई रडली. तवा आजीनं मले गुंफेपाशी आणलं. म्हणे, आता हे तुही माय."

इस्त्री तशीच हातात.

आणि दुसऱ्या दिवशी हे असं! नवी मूर्ती आदल्याच दिवशी आलेली, जुनीपेक्षा चांगली वीतभर उंच, आणि कोणाच्या डोक्यातच आलं नाही. स्टुलावरून मी कसंबसं म्हणाले, "आत्या, तोकडा झाला."

फादर बिचारे हळूच म्हणाले, असू द्या लीलाबाई, या मूर्तीला रंगवलेले कपडे आहेतच, यंदा तशीच राहू दे. आत्याचा चेहरा असा उतरला ना, मला बघवेना. मग तिनं हात पुढे केला.

"कुठवर येते?"

"गुडघ्यावर."

आत्या हसली.

"वाढली का व माय? उतरव तो झगा."

गुंफेच्या पायरीवर बसली ती. माणिकबाईंनी टोपलीतून हाराचा दोरा कापायची कात्री काढून दिली आणि झग्याचं दुसरं टोक धरून शेजारी बसल्या. त्या बाईला काही चिडवायचं सुचलं नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. बायकांनी जपमाळ सुरू केली. नमो मारिये चाललंय आणि आत्या बोटांनी चाचपत एकेक टाका उसवतेय, कापडाला कात्री लागू न देता. ओठ हलतायत, हात चाललेत.

मी परत चढले. झगा सोडला, आणि तो थेट पावलांपर्यंत गेला. पायाची बोटं तेवढी बाहेर. वर सगळा विटलेला, आणि खाली वीतभर गडद निळा पट्टा.

"खालून कसा दिसते?" आत्यानं विचारलं.

"नवाकोरा, आत्या."

ती पुढे आली. मूर्तीची पावलं चाचपली, काठाला लोंबणारे दोरे निवडून काढले. मग सवयीनं तो काठ चिमटीत धरून पाहिला, आत अजून कापड आहे का. नव्हतं. जपमाळ संपली, बायका प्रसादाला वळल्या, तरी तिची चिमूट तिथेच होती.