डोंगर बघण्यासाठी पाच दिवस

पंख्यांच्या कारखान्यात रजेचे अर्ज तपासणारा कारकून सतरा वर्षं एकाच खुर्चीत बसला होता आणि त्या खुर्चीतून त्यानं भल्याभल्यांच्या सुट्ट्यांवर पाणी फिरवलं होतं. लोक त्याला नकारघंटा म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. निदान सगळ्यांना सारखीच वाजते, एवढं त्याचं समाधान होतं.

ती सारखी वाजावी म्हणून त्यानं एक पद्धत बसवली होती. अर्ज हातात द्यायचा नाही, पेटीत टाकायचा. सकाळी पेटी उघडली की तो प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवी. नाव, खातं, सही, तारखा, सगळं पट्टीखाली. उरे तो फक्त कारणाचा रकाना. "माणूस दिसला की दया येते," तो म्हणे, "आणि दयेचा रकाना छापलेला नाही." मग शिक्का. 'मंजूर'चा शिक्का नवाकोरा होता. 'नामंजूर, कारण अपुरे' याचं रबर तीनदा बदलून झालं होतं.

स्वतःसाठी त्यानं रजा कधी घेतलीच नव्हती. पण या वर्षी बायकोनं त्याला न विचारता दोन तिकिटं काढली.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दंतवैद्याकडे दाढ काढायला गेली असताना तिथल्या भिंतीवर तिला एक कॅलेंडर दिसलं होतं. वाळवंटातलं छोटंसं शहर, मातीच्या रंगाची बसकी घरं, आणि मागे बर्फाचा डोंगर. दाढेच्या बदल्यात तिनं ते पान मागून आणलं. नऊ वर्षं ते कपाटाच्या दाराला आतून चिकटलेलं होतं. नकारघंटेचं मत असं, की वाळू आणि बर्फ एका चित्रात बसत नाहीत, छापताना दोन पानं एकावर एक आली असणार.

शहानिशा करायला त्यानं तिथल्या अतिथीगृहाच्या मालकाला फोन लावला.

"तिकडे बघण्यासारखं काय आहे?"

"डोंगर," मालक म्हणाला.

"आणखी?"

"संध्याकाळी पण डोंगर. जरा गुलाबी."

"बाकी लोक येऊन काय करतात मग?"

"गच्चीवर बसतात. खुर्च्या आमच्या आहेत. स्वेटर तुमचे आणा, टोप्याही आणा. दिवसा भाजतं, रात्री गोठतं."

"एकाच दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीसुद्धा," मालक म्हणाला आणि त्यानं खोली लिहून घेतली.

आता अर्ज. रविवारभर नकारघंटा जेवणाच्या टेबलावर अर्ज लिहीत बसला. पहिल्या मसुद्यात 'कौटुंबिक कारण' होतं. कुठलं कुटुंब, काय कारण, काही कळेना, नामंजूर. दुसऱ्यात 'विश्रांती'. रविवारी काय करता मग? नामंजूर. पाचव्या मसुद्यात 'हवापालट' आलं तेव्हा तो जरा थबकला. त्यातही भोक होतं, पण बारीक होतं.

"अहो, द्या इकडे," बायको म्हणाली. "तुमच्यावर सोडलं तर डोंगर म्हातारा होईल." तिनं कोरा अर्ज ओढला, चार ओळी लिहिल्या, पुढे केला. "सही करा. वाचत बसू नका, वाचलंत की संपलं."

त्यानं सही केली. पाचवा मसुदाच तिनं सुवाच्य उतरवला असणार, असं तो धरून चालला.

सोमवारी पेटीत अकरा अर्ज निघाले. फूटपट्टी ठेवून त्यानं सात नाकारले, दोन आणखी माहितीसाठी बाजूला काढले. दहाव्यावर कारण होतं, हवापालट. इतर कुणाचं असतं तर त्यानं विचारलं असतं, हवेला काय धाड भरलीय? पण सतरा वर्षांत पहिल्यांदाच पट्टीखालचं नाव न बघता ठाऊक होतं. त्यानं दाराकडे पाहिलं, नवाकोरा शिक्का उचलला आणि चोरासारखा अलगद उमटवला. मंजूर.

त्या अपराधाची भरपाई म्हणून अकराव्या अर्जावर तो तुटून पडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'वाळवंटातलं एक गाव आहे. मागे डोंगर आहे. गच्चीवर बसून तो बघायचा आहे. लांबचं काहीतरी बघायचं आहे. दुसरं काही काम नाही.'

ते कॅलेंडर आणखी कुणाच्या तरी कपाटात पोचलेलं दिसतंय, आणि असलं कारण कुणी लिहूच कसं शकतं, असं मनात म्हणत त्यानं शिक्का असा आपटला की टाचण्यांची डबी उडाली. मग वहीत नोंद करायला पट्टी उचलली. पट्टीखाली त्याचंच नाव होतं.

हवापालटवाला अर्ज पॅकिंगच्या मुकादमाचा निघाला. त्याचे यापूर्वीचे चौदा अर्ज नामंजूर झाले होते. दुपारी तो स्वतः आभार मानायला आला. "साहेब, तुम्हाला लोक उगाच काहीबाही म्हणतात," तो म्हणाला. "आतून तुम्ही लोण्यासारखे."

तुम्ही म्हणाल, त्यात काय, नवा अर्ज करावा. पण नाकारलेलं कारण नव्वद दिवस पुन्हा चालणार नाही, हा नियम होता, आणि तो त्यानंच केला होता. तिकिटं तर येत्या वीस तारखेची. उरलं अपील. ते मोठ्या साहेबांकडे जाई, आणि मोठ्या साहेबांचेही दोन अर्ज याच टेबलावर धारातीर्थी पडलेले. साहेबांनी अपील दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा निव्वळ आनंदासाठी.

"माझी काही हरकत नाही," साहेब म्हणाले. "फक्त रजाकारकुनाचा लेखी अभिप्राय लागतो. निर्णय योग्य होता की अयोग्य, कारणासह. शुक्रवारपर्यंत. ते कारकून फार कडक आहेत हो, बघा काय म्हणतात."

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती बॅग भरत होती.

"तू लिहिलं होतंस ते मला काय माहीत? अक्षर ओळखीचं वाटलं नाही."

खरंच होतं. वीस वर्षांत तिचं अक्षर त्यानं फक्त सामानाच्या यादीत पाहिलं होतं, आणि यादीत कारणं नसतात.

"पण वाचलंत ना? काय वाटलं?"

"अपुरं वाटलं," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे, हा त्याचा गुण लग्नाला फार महागात पडला होता.

"आणि नाव दिसलं असतं तर?"

"तर केलं असतं की मंजूर. लिहून टाकतो, निर्णय चुकला म्हणून."

"नको," बायको म्हणाली. आवाज चढला नाही, हे वाईट लक्षण होतं. "दया म्हणून पाच दिवस मला नकोत. कारण पटलं तर लिहा, नाहीतर राहू दे." आणि तिनं बॅगेतून एकेक स्वेटर काढून कपाटात ठेवला, कपाटाचं दार मात्र उघडंच टाकलं.

कारणाबद्दल शंका असली की नकारघंटा जागेवर जाऊन पाहणी करी. एकदा एकाच्या घरातलं पाणी तुंबलंय की नाही ते बघायला तो चपला हातात घेऊन गेला होता. गुरुवारी दुपारी तो चष्म्याच्या दुकानात जाऊन बाकावर बसला.

"डोळे दाखवायचेत?" बायकोनं विचारलं.

"पाहणी आहे. तू कर तुझं काम."

दुकानाच्या मागच्या खोलीत एक खुर्ची, तिच्यामागे हा बाक, समोर अक्षरांचा तक्ता. बायको तक्त्याकडे पाठ करून, त्याला खेटून उभी. "लांबचं दिसतंय का? आता? आणि आता?" एक गेला, दुसरा आला. खिडकी होती, तिच्याबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. नकारघंटेनं सवयीनं अंतर मोजलं, चार हात. मग आठवलं, घराच्या खिडकीबाहेरही भिंतच आहे, ती तीन हातांवर. दोन तासांत चोवीस माणसांना तिनं लांबचं दाखवलं. ती स्वतः जिथं उभी होती तिथून सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे बाकावर बसलेला नवरा.

तो उठला, सरळ कारखान्यात गेला आणि एकटाकी अभिप्राय लिहिला. नक्कल घरी आणली. बायकोनं कागद हात लांब करून वाचला:

'जागेवर जाऊन पाहणी केली. अर्जदाराच्या कुटुंबाला लांबचे काहीही दिसत नाही. कारण अर्जात लिहिले आहे त्यापेक्षा बरेच मोठे आहे. निर्णय चुकला. नाव न बघता लिहिले.'

"साहेब काय म्हणाले?"

"सही केली. म्हणाले, याची एक प्रत मला राहू द्या. उद्यापासून पेटीत काय काय पडेल, देव जाणे. सगळा कारखाना डोंगर बघायला निघेल."

"बघू दे की," बायको म्हणाली आणि स्वेटर पुन्हा बॅगेत घालू लागली. तळाशी हाताला काहीतरी टणक लागलं. तिनं लाकडी फूटपट्टी बाहेर काढली.

"ही कशाला?"

"असू दे. उन्हं डोळ्यांवर आली तर आडवी धरता येईल."

"कारण अपुरं," बायको म्हणाली आणि पट्टी कपाटात टाकून तिनं दार लावलं.