चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

प्रत्येक घरात एक तरी सर्वज्ञ असतोच. या घरात तो मान दादाचा होता. दादाचं चष्म्याचं दुकान. माणूस हुशार, मनानेही चांगला. फक्त फोनवर काही आलं की ते चारचौघांत वाचून दाखवल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

त्याच्या धाकट्या बहिणीला, बारकीला, रक्ताचा कॅन्सर होता. सावकाश वाढणारा, वर्षानुवर्षं चालणारा. रोज एक गोळी घ्यायची आणि अधूनमधून रक्त तपासून गोळी काम करतेय का ते बघायचं. काम करत होती! बारकी शिवणाच्या कारखान्यात जायची, हसायची, दादाशी कडाकडा भांडायची.

एकदा जेवताना दादाने फोन वर धरला.

"हे बघा! ओ ब्लड ग्रुपवाल्यांना म्हणे या कॅन्सरच्या औषधाचा गुणच कमी येतो."

"आपल्या बारकीचा कुठला रे?" आईने विचारलं.

"ओ! घरात सगळे बी, हिचाच ओ. म्हणून तर म्हणतो, हिला दवाखान्यातून बदलून आणलीय!"

सगळे हसले. बारकीपण हसली.

"असतं एकेकाचं नशीब," आई हळूच म्हणाली. दादाने मान डोलावली, फोन खाली ठेवला आणि भाजी मागितली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"मागच्या वेळी किती छान होतं! गोळी रोज घेतेस ना?"

"हो," बारकी म्हणाली.

दादा मधेच बोलला, "मॅडम, तिचा ग्रुप ओ आहे ना, त्यामुळे असणार. मी वाचलंय."

डॉक्टरबाईंनी बारकीकडे बघितलं. बारकीने फरशीकडे.

त्याच संध्याकाळी आईच्या चष्म्याची काडी निघाली. दादाने दुसरा चष्मा शोधायला कपाटातून एक जुनी डबी ओढली, तर आत काहीतरी खुळखुळलं. उघडली. गोळ्या! बारकी रोज आईसमोर पाकिटातून गोळी काढायची आणि पाठ फिरली की या डबीत टाकायची.

"अगं, वेडी आहेस का तू?"

"तूच म्हणालास ना, गुण येत नाही. मग रोजची मळमळ तरी कशाला सोसायची?"

"मी आपलं सहज वाचून दाखवलं गं!"

"हो ना. तू वाचलंस आणि भाजी मागितलीस. मी मात्र त्या दिवसापासून मरायची तयारी करत होते, दादा."

दादाने डबी मिटली आणि खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी बारकीला सोबत नेऊन त्याने ती डबी डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली. मान वर होत नव्हती.

"ते रक्तगटाचं पूर्ण वाचलं होतंत?" बाईंनी विचारलं.

"नाही. वरची ओळ फक्त."

"दुकान कसलं तुमचं?"

"चष्म्याचं."

"गिऱ्हाईक आलं की डोळे तपासता, की वय विचारून चष्मा हातात देता?"

"तपासतो. एका वयाच्या दोघांचा नंबर सारखा थोडाच असतो?"

"मग बहिणीचा नंबर ग्रुप विचारून कसा काढलात?"

दादाचे कान तापले. बाई आवाज न चढवता बोलत होत्या, तेच जास्त लागत होतं.

"रक्तगटावर अभ्यास होतात. पुष्कळ माणसांची सरासरी काढतात, कधी काही दिसतं, कधी नाही. त्यावरून या एका मुलीचं काही ठरत नाही. हिला गोळी लागू पडत होती, रिपोर्ट तुमच्या हातात होता! आणि मळमळ होते तर मला सांगायचं ना गं, त्यावर उपाय आहेत."

"आता... झालेलं नुकसान भरून येईल ना?" दादाने विचारलं.

"आजपासून परत सुरू करू. पुढचं तपासणी सांगेल. खोटं आश्वासन मी देणार नाही."

घरी येऊन दादाने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, "मी अर्धवट वाचून बोललो. त्यामुळे माझ्या बहिणीने गोळ्या बंद केल्या. चूक माझी आहे." अंगठे आले, हात जोडलेले आले. त्याला एकानेही बरं वाटलं नाही.

जेवण झाल्यावर त्याने बारकीसमोर पाणी आणि गोळी ठेवली आणि गप्प उभा राहिला. फोन खिशातच.

"बोल की काहीतरी," बारकी म्हणाली. "तुझं गप्प बसणं गोळीपेक्षा कडू आहे."

"काय बोलू?"

"विचार मला. कशी आहेस म्हणून."

इतक्या महिन्यांत त्याने तेवढंच विचारलं नव्हतं!

मंडळी, आजारी माणसासमोर आपण सहज बोलतो, तो ते जिवाला लावून घेतो. औषध लागू पडतंय का, हे डॉक्टरांची तपासणी सांगू दे. आपण शेजारी बसावं आणि कसं वाटतंय एवढं विचारावं.

"कशी आहेस?" दादाने विचारलं.

बारकीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि मग सांगायला लागली.