साडेबाराच्या आत

सकाळी सहाला तिने स्लो कुकरचं गोल बटण ‘लो’वर आणलं आणि काचेच्या झाकणातून आत पाहिलं. तळाशी कांद्याचे जाड काप, त्यावर रात्रभर भिजलेला लाल राजमा, त्यावर कोंबडीच्या तंगड्या, आणि सगळ्यांवर टोमॅटोचा रस, ठेचलेला लसूण, काळे ऑलिव्ह आणि चमचाभर ओरेगॅनो. इटालियन चिकन. निदान या घरात त्याला तसं म्हणत. खरा इटालियन माणूस ते खाऊन काय म्हणाला असता, याची चौकशी कुणी कधी केली नव्हती.

आईला जाऊन नऊ आठवडे झाले होते. तेवढे दिवस कुकर ओट्याच्या कोपऱ्यात टॉवेलाखाली पडून होता. काल जेवताना बाबा म्हणाले, “आपलं सरकारी कार्यालय बंदच पडलं वाटतं.” सरकारी कार्यालय म्हणजे हा कुकर. अर्ध्या तासाचं काम दिवसभर करतो आणि मध्ये कुणाला आत डोकावूही देत नाही, म्हणून बाबांनी त्याला ठेवलेलं नाव. आई या विनोदावर दर वेळी चिडायची आणि दर वेळी हसायची. काल चिडायला कुणी नव्हतं. बाबांनी पाण्याचा पेला उगाच उचलून पुन्हा ठेवला. मग रात्री तिने राजमा भिजत घातला.

कृती आईच्या हातची होती, फ्रीजवर चुंबकाखाली लावलेली. राजमा रात्री भिजवणे. पाणी फेकणे. कांदा खाली, मग राजमा, मग चिकन. किती चमचे, किती पाकळ्या, किती तास. तिने सगळं अक्षरन् अक्षर पाळलं. साडेसातला निघताना बाबांना सांगितलं, “साडेबाराला वाढून घ्या. आणि त्याआधी झाकण उघडू नका. वाफ जाते.”

“कार्यालयाच्या कारभारात आम्ही ढवळाढवळ करत नाही,” बाबा म्हणाले.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढे काउंटर, आरसे, फ्रेमांच्या रांगा. मागच्या अरुंद खोलीत काच घासून फ्रेमच्या मापाची करायचं मशीन, तिथे ती. दुपारी बाराच्या सुमाराला काउंटरवरच्या काकू दोन कप चहा घेऊन मागे आल्या.

“आज चेहऱ्यावर जरा उजेड आहे. काय विशेष?”

“घरी मेजवानी आहे. आईचं इटालियन चिकन लावून आलेय, राजमा घालून. बाबा खूश होतील.”

“अरे वा. राजमा उकळून घेतलास ना आधी?”

“शिजतोच की कुकरमध्ये. सहा-साडेसहा तास.”

काकूंचा कप ओठांपाशीच थांबला. “म्हणजे कच्चाच घातलास? अगं बाई! भिजवून भागत नाही त्याचं. गॅसवर अर्धा तास खळखळून उकळावा लागतो, मगच त्या कुकरात. कच्चा म्हणजे विष असतं त्यात, आणि मंद आचेवर ते जात नाही, उलट वाढतं. माझ्या धाकट्या दिरांनी असाच घातला होता. दोन तासांत चार माणसं आडवी. सासरे तीन दिवस सलाइनवर. दीर तेव्हापासून स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीत, तेवढं एक बरं झालं.”

तिने कप बाजूला ठेवला. बाबा पंच्याहत्तर वर्षांचे. मूत्रपिंडं आधीच कुरकुरत होती. डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं, उलट्या-जुलाब झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, तसेच उचलून घेऊन या. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून बारा मिनिटं. आणि बाबा जेवणाच्या बाबतीत असे, की त्यांच्यावरून घड्याळ लावावं.

तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच.

“सदऱ्याच्या खिशात असेल, आणि सदरा खुंटीला,” काकू म्हणाल्या. “तू नीघ. मालकांना मी सांगते काय सांगायचं ते. जा!”

टॅक्सीत बसल्यावर तिने खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला फोन केला. “दादा, एक काम करा. वर जा आणि बाबांना सांगा, कुकरमधलं काही खाऊ नका. एक घासही नको. कारण नंतर सांगते.”

“जातो की,” शिंपी म्हणाला. त्याच्या चपला जिन्यावर वाजताना फोनमधून ऐकू आल्या. मग बेल. मग दारावर थापा. “ताई, उघडत नाहीत. आत टीव्ही चालू आहे. मोठ्याने चालू आहे.”

“वाजवत राहा.”

“वाजवतोय. लोक गोळा होतील आता.”

टॅक्सी सिग्नलला थांबली. पुढच्या ट्रकमधून कुणीतरी गाद्या उतरवत होतं, सावकाश, एकेक. तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली. बारा सत्तावीस. आता ते उठतील. ताट घेतील. कुकरचं झाकण दोन बोटांनी उचलतील, चटका बसला की बोटं कानाला लावतील. बारा तीस. तिला पहिला घास दिसला. जे दिसू नये ते माणसाला किती स्वच्छ दिसतं.

आई गेली त्या दिवशीही ती मशीनवरच होती. एका हातात काच, दुसऱ्या हातात फोन. आई म्हणाली, “छातीत जळजळतंय गं.” ती म्हणाली, “अॅसिडिटी असेल. गोळी घे आणि पडून राहा. संध्याकाळी बोलू.” तेव्हा मशीनवर एका म्हाताऱ्या बाईंच्या उजव्या डोळ्याची काच होती, नंबर उणे साडेतीन. तो आकडा तिच्या लक्षात राहिला होता. हा फोन तिने कुणालाच सांगितला नव्हता. बाबांना तर नाहीच. बाबा त्या वेळी औषधं आणायला गेले होते. त्यांना वाटत होतं, आईला कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

आणि आता तिने स्वतःच्या हाताने, आईचाच कागद समोर धरून, त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं.

ती जिना चढली तेव्हा बारा बावन्न झाले होते. शिंपी दारापुढे उभा होता, गळ्यात मापाची पट्टी. “टीव्ही सोडून काही आवाज नाही,” तो हळू म्हणाला. तो हळू का बोलतोय, हे कळल्यावर तिला किल्ली कुलपात घालता येईना. शेवटी त्यानेच ती हातातून घेऊन फिरवली.

टीव्हीवर कुणीतरी शेअर बाजाराबद्दल ओरडत होतं. खुर्ची रिकामी. ती आधी स्वयंपाकघरात गेली. कुकरचं बटण ‘हाय’वर होतं. तिने ‘लो’वर ठेवलं होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. झाकण काढलं. रश्शाची पातळी चांगली दोन बोटं खाली गेली होती, चिकन हाडावरून सुटून तार तार झालं होतं आणि मधोमध डावाने केलेला खड्डा होता. सिंकमध्ये एक ताट, एक वाटी, एक चमचा, घासून पालथे. बाजूला मोठं पातेलं, तेही पालथं. तिने वाटी उचलली. अजून ओली होती.

जेवले होते. जेवून ताट घासून ठेवण्याइतका वेळ गेला होता.

बाबा आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कानाचं मशीन उशाशी काढून ठेवलेलं. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबत होता. तिने त्यांना हाक मारली नाही. तिने आपला तळवा त्यांच्या नाकासमोर धरला आणि वाट पाहिली. ऊन श्वास आला. मग पुन्हा आला.

बाबांनी एक डोळा उघडला. “मेलो नाही अजून,” ते म्हणाले. मग तिच्या मागे शिंप्याला पाहून दचकून उठून बसले आणि कानाचं मशीन चाचपू लागले. “काय झालं? कुणाला काय झालं?”

“आजोबा ठीक आहेत ना?” शिंपी म्हणाला. “मग मी निघतो. एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला देऊन टॉवेल गुंडाळून बसलंय. त्याला वाटेल मी पँट घेऊन पळालो.”

तो गेला. ती पलंगाच्या कडेला बसली. “पोटात दुखतंय? मळमळतंय? खरं सांगा.”

“झोप मोडली एवढंच दुखतंय.”

“राजमा खाल्लात?”

“दोनदा घेतला. तू अशी पांढरी का पडलीस?”

“बाबा, तो कच्चा होता. मी उकळलाच नव्हता. त्यात विष असतं. तुम्हाला आता दवाखान्यात नेते, उलट्या व्हायच्या आधीच नेते, चला, सदरा घाला—”

“अगं, थांब. थांब जरा.” बाबांनी तिचं मनगट धरलं. “उकळला मी.”

“कधी?”

“तू गेल्यावर. फडताळातलं मोठं पातेलं पाहिलं तर कोरडं. पोरीने राजमा उकळलेलाच नाही हे तेव्हाच कळलं. आता एकेक दाणा कुठे वेचत बसणार? सगळंच पातेल्यात ओतलं, चिकनसकट, आणि अर्धा तास खळखळ उकळलं. घड्याळ समोर ठेवून. मग परत कुकरात घातलं आणि कार्यालयाला जरा जोर लावला.” ते अपराध्यासारखं हसले. “चिकनचा भुगा झाला ते माझ्यामुळे. मी काही बोलणार नव्हतो.”

“तुम्हाला कसं माहीत? उकळायचा ते?”

“मला नाही तर कुणाला? ते माझंच काम होतं. तुझी आई पातेलं चढवायची आणि आंघोळीला जायची. जाताना मला गॅससमोर उभं करायची. म्हणायची, अर्धा तास जागचे हलू नका, वर आलेला फेस काढा, पेपर वाचलात तर बघा. इतकी वर्षं दर वेळी तेच.”

“कागदावर लिहिलं नाही तिने.”

“कशाला लिहील? ते तिला कुठे करावं लागायचं?” बाबा थांबले. “सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी बाहेर वाट बघत होतो. म्हटलं आता हाक मारेल. हाक आली नाही. वाटलं, हिची हिने सोय केली असेल.”

टीव्ही अजून ओरडत होता. ती उठून गेली, तो बंद केला आणि परत आली.

“मला फोन का नाही केलात?”

“तूच म्हणालीस, झाकण उघडू नका. आणि तू मशीनवर असतेस. एवढ्याशा राजम्यासाठी—”

“एवढ्याशा राजम्यासाठी करायचा,” ती म्हणाली. “मी मशीनवर असले तरी करायचा. मी ‘संध्याकाळी बोलू’ म्हटलं तरी ठेवायचा नाही. पुन्हा करायचा.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बाबांनी कानाचं मशीन नीट बसवलं आणि तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

“जेवलीस का?” ते म्हणाले. “ऊठ.”

त्यांनी तिला वाढलं. ती समोर बसली आणि घड्याळाकडे पाहत राहिली. एक वाजून दहा. काकूंच्या दिरांच्या घरी दोन तास लागले होते.

“माझ्या पोटावर पहारा ठेवणार आहेस का?”

“हो. अडीचपर्यंत.”

“ठेव. पण खात खात ठेव.”

तिने एक दाणा चमच्यावर घेतला. लाल साल अखंड होती. तोंडात घालायला तिला बराच वेळ लागला. जिभेने दाबल्यावर तो सहज फुटला, आत पिठूळ, लसणाच्या वासाचा. चव आईच्या हातची होती की नव्हती, हे तिला सांगता आलं नसतं. तिने दुसरा घास घेतला.

जेवण झाल्यावर ती उठली, फ्रीजवरचा कागद काढून टेबलावर आणला आणि पेन शोधू लागली.

“आता काय?”

“मधली ओळ राहिली आहे ती लिहिते.”

“कशाला लिहितेस?” बाबा म्हणाले. “मी आहे की.”

पहिलं पेन उमटेना. तिने ते झटकलं, पुन्हा टेकवून पाहिलं, मग बाजूला ठेवलं आणि दुसरं शोधायला उठली.