मागच्या दारानं विचारलेला भाव

"करंट गेला की तुझं काम बी गेलं, व्हय गं?" श्रीपतराव आडत्यांनी खुर्चीतूनच टोमणा मारला आणि प्रेरणानं जिभेवर आलेली शिवी चहाबरोबर गिळली.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या औरादच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, भर दुपारी वीज गेली होती. साल दोन हजार अकरा. बेंगळुरात म्हणे अख्ख्या जगाची कामं चालत. इथं पंखा फिरला तरी माणसं मान वर करून बघत. फोनवरून धान्याचं नाव पाठवलं की आजचा भाव परत यावा, अशी सोय प्रेरणानं मोंढ्यासाठी लिहिली होती. श्रीपतरावांना पटलं तर काम तिचं आणि ती गावातच राहणार. नाही तर काम हैदराबादच्या कंपनीला, आणि ही परत पुण्याच्या नोकरीवर. म्हणून तर तिची आई चांगुणाबाई सोबत आली होती. दाराशी उभी होती.

"सर्व्हर बंद, नेट बंद. मग काय दाखवायलीस? माझं डोस्कं?"

"सर्व्हर कामून पाहिजे, अण्णा? लॅपटॉपात जीव हाय अजून. शटर उघडायचं, गिऱ्हाईक आत घ्यायचं, ते सर्व्हरचं काम. ते ऱ्हाऊ द्या. भाव सांगणारा आतच बसलाय. सवाल थेट त्याच्या कानात टाकायचा. बरोबर बोलतोय का चुकतोय, लगेच कळतंय."

"शटर बंद अन् सवाल आत? कुठनं गेला?"

"मागच्या दारानं. आमाला सवय हाय."

ही श्रीपतरावांचीच आडत. इथंच चांगुणाबाईनं गुडघे झिजेपर्यंत धान्य चाळलं होतं. मजुरी मात्र मागच्या दारानं. पुढून आली तर गिऱ्हाईक बिचकतं म्हणे. तिच्या हातचं धान्य खाताना कुणी बिचकलं नव्हतं.

श्रीपतरावांनी पानाचा डबा उघडला, तसाच मिटला. "इचार. तूर."

प्रेरणानं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी ओळ आली, पुढं भाव.

"हा कुठला भाव? आज तर…"

"खोटा हाय. तपासणीपुरता मीच घातलाय. निदान सांगून तरी खोटा हाय."

श्रीपतराव पोट धरून हसले. त्यांना हसणं परवडत होतं.

"जोंधळा इचार गं," दारातून आई म्हणाली.

लाल ओळ आली. असा माल नाही.

चांगुणाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं भवाने! जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलीस अन् जोंधळाच न्हाई?"

प्रेरणाचे कान तापले. तिनं 'ज्वारी' लिहिलं होतं. पुस्तकातलं, पुण्यातलं. तिच्या गल्लीत जन्मात कुणी ज्वारी म्हटलं नव्हतं.

"गेलं मग काम," श्रीपतराव म्हणाले.

"थांबा की जरा!" तिनं ज्वारीशेजारी जोंधळा लिहिला, कन्नडवाल्यांसाठी जोळ लिहिलं आणि सगळे सवाल पुन्हा सोडले. श्रीपतरावांनी पान तोंडात टाकेपर्यंत सगळं हिरवं. "सर्व्हर उठवून, पाडून, पुन्हा उठवून हीच चूक शोधली असती तर दिवस बुडाला असता. अन् लोकांनी शोधली असती तर आपण बुडालो असतो."

श्रीपतराव ताडकन उठून तिच्या खांद्यामागं आले. "तोगरी घाल! पलीकडची माणसं तुरीला तोगरीच म्हणतेत."

लाल. दुरुस्ती. हिरवं.

"हरभऱ्याला कडली! मुगाला? हेसरु!"

लाल ओळ आली की म्हातारा गोट्या जिंकल्यासारखा टाळी वाजवायचा. "हैदराबादवाल्याच्या बापाला तरी ठावं हाय का हेसरु? काम तुझंच, पोरी. आता उडीद इचार!"

ओरडून ओरडून त्यांना धाप लागली. बसायला म्हणून ते मागं वळले. खुर्चीत चांगुणाबाई बसली होती, दोन्ही गुडघे दाबत, नजर पडद्यावर.

श्रीपतराव क्षणभर उभेच राहिले. मग कोपऱ्यातलं भुसाचं पोतं ओढलं आणि त्यावर टेकले.

"उडदाचं काय झालं गं?" चांगुणाबाईनं विचारलं.